मोठ्या अक्षरांचा हिवाळा

पोंक आला, असं शेजारच्या हंसाबेनने आज सकाळी जिना उतरता उतरता सांगितलं. तापीकाठी मांडव लागलेत, गर्दीही सुरू झाली आहे. सुरतेत थंडी अंगाला जाणवायच्या आधी जिभेला कळते. शेकून झोडपलेल्या कोवळ्या ज्वारीचे हिरवे दाणे, अजून कोमट, वर लिंबू-मिऱ्याची शेव आणि सोबत ताकाचा ग्लास. माझे सासरे याला पोंक म्हणत नाहीत. आयुष्याची पन्नास वर्षं या शहरात गेली, तरी त्यांच्यासाठी तो शिंदखेड्याकडचा हुरडाच. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही नानाच म्हणते.

दुपारी मी पुडी आणली. नाना खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, पुढ्यात ई-रीडर. मी बशी मांडीवर ठेवली तेव्हा त्यांनी वर पाहिलं, दाणे चिमटीत घेऊन वास घेतला आणि पुन्हा वाचायला लागले. एवढंच. पण त्या हिरव्या वासाने मला दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा असा समोर आणून उभा केला, की हातातलं काम बाजूला ठेवून मी हे लिहायला बसले.

नानांनी चौतीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात काढली. एका ओळीत चोवीस माग, आणि ते सगळे एकाच वेळी आपटायचे. मी एकदाच आत गेले होते, डबा द्यायला. दारात उभी राहून मी हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. नाना तिथे बारा बारा तास उभे असत. खातं सुटलं तोवर त्यांचे कान गेले होते. कानाचं मशीन घेऊन दिलं, पण ते शिटी मारायचं. नाना म्हणाले, मागांपेक्षा हाई वाईट. ते मशीन खणात पडलं ते पडलंच.

सासूबाई होत्या तोवर कानांवाचून काही अडलं नाही. त्या नानांशी हातांनी, भुवयांनी, कधी नुसत्या मान वळवण्याने बोलत. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं नानांपर्यंत पोचायचं. त्या गेल्या आणि नानांपाशी उरलं ते वाचन. सकाळी चौकात मराठी पेपर यायचा, कधी एक दिवस शिळा. नाना तो मथळ्यापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे. जुनी पुस्तकं होती, तीही फिरून फिरून.

मग डोळे गेले. एक डोळा काचबिंदूने पूर्ण नेला आणि दुसऱ्यातही थोडीच नजर उरली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "गेलेली नजर परत येणार नाही. जेवढी उरली आहे, तिला मोठं, ठळक अक्षर द्या." पेपरचं अक्षर मोठं कुठून करणार? भिंग दिलं, तर हात थरथरायचा आणि ओळ निसटायची. मोबाइलवर अक्षर मोठं केलं, तर त्याच्या उजेडाने डोळ्यातून पाणी. दोन मिनिटांत नाना फोन पालथा घालायचे.

एक दिवस त्यांनी पेपर घडी करून माझ्या हातात दिला. "आते नको आनू," म्हणाले. "मना डोया कामना नई र्‍हायनात."

त्यानंतर नाना खिडकीपाशी बसायचे आणि काहीच करायचे नाहीत. ऐकू येत नाही, वाचता येत नाही. ताट पुढे आलं की जेवायचे, दिवा गेला की झोपायचे. कोसाडच्या आमच्या दोन खोल्यांत एक माणूस रोज थोडा थोडा लांब जात होता, आणि आम्ही त्याच्या बाजूने ये-जा करत होतो. आमचे हे पलसाण्याला डाइंगच्या मिलमध्ये. पहिली पाळी असली की पहाटे निघतात, संध्याकाळी येतात ते दमून. वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून घटकाभर बसतात. त्यापलीकडे काय करावं हे त्यांनाही कळत नव्हतं.

त्या दिवाळीला नणंदेची मुलगी पुण्याहून आली. जाताना बॅग आवरताना तिने एक पाटीसारखं यंत्र माझ्यापुढे धरलं. "मामी, हा माझा जुना ई-रीडर. याच्यात उजेड नसतो, कागदासारखा दिसतो. नानाआजोबांना बघा चालतो का. फक्त आतल्या माझ्या नोट्स तेवढ्या राहू द्या, त्या मी नंतर काढून घेईन."

कागदासारखा हे खरंच होतं. खिडकीच्या उजेडात तो पडदा इतका शांत दिसायचा, की त्यावर बोट फिरवून पाहावंसं वाटे. मी मोठ्या हौसेने एक मराठी मजकूर त्यात घातला आणि उघडला. सगळी अक्षरं मोडलेली. वेलांटी भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरं सुटी, त्यांच्याखाली पाय मोडल्याच्या खुणा. माझं नाव ज्योती. ते मला तीन तुकड्यांत दिसलं. आणि अक्षर मोठं करायला गेलं, तर एका मापाच्या पुढे ते वाढेचना. नानांना मी तो दाखवलाच नाही.

माझं काम कॉम्प्युटरवरच असतं. एम्ब्रॉयडरीच्या मशीनला सुई कुठून कुठे न्यायची, ते पडद्यावर एकेक टाका मांडून ठरवायचं; याला आमच्या धंद्यात पंचिंग म्हणतात. साडीच्या पदरावर जे पान तुम्ही पाहता, ते माझ्यासारखीने आधी शेकडो टाक्यांत मोजून ठेवलेलं असतं. त्यामुळे यंत्राची भीती नव्हती. पण यंत्राच्या आतलं मला काही कळत नव्हतं. एका रविवारी दुपारी, त्या ई-रीडरचं नाव टाकून शोधत बसले, तेव्हा एका चर्चेच्या पानावर वाचलं, की या जुन्या यंत्राला मेमरी कार्डावरून दुसरी सिस्टीम चालवता येते. सुरू होताना ते आधी कार्डाकडे बघतं. कार्डावर सिस्टीम सापडली तर तिच्यावर चालतं, आणि आतल्या सिस्टीमला हातही लागत नाही. कार्ड काढलं की आधीसारखं. म्हणजे भाचीच्या नोट्सही सुरक्षित. खाली कुणीतरी पडद्याचा फोटो टाकला होता. त्यात देवनागरी होती, आणि एकही जोडाक्षर मोडलेलं नव्हतं!

तो फोटो मी किती वेळ बघत राहिले, सांगता येणार नाही.

नवं कार्ड आणलं, लिहिल्याप्रमाणे सिस्टीम त्यावर चढवली, यंत्रात खोचलं, बटण दाबून धरलं. पडदा एकदा काळा झाला, एकदा पांढरा, आणि एका पक्ष्याच्या चित्रावर थांबला. थांबला तो थांबलाच. कार्ड काढून पाहिलं, पुन्हा घालून पाहिलं, रात्रभर चार्जिंगला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पक्षी. तिसऱ्या दिवशीही. दुसऱ्याची वस्तू आपण मारून टाकली, या विचाराने मला जेवण जाईना. हे म्हणाले, "जाऊ दे ना. भाचीला मी सांगतो. नानांना आता कुठे..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. त्या अर्ध्या वाक्याचा मला राग आला, आणि त्या रागामुळेच मी त्या पानावर मोडक्या इंग्रजीत प्रश्न लिहिला. कार्ड कोणतं, काय केलं, कुठे अडलं. शेवटी लिहिलं, सासऱ्यांसाठी आहे, त्यांना ऐकू येत नाही.

सकाळी उत्तर आलेलं होतं. लिहिणाऱ्याने खरं नाव दिलेलं नव्हतं. फोटोच्या जागी एक मांजर होतं. उत्तर असं होतं: चूक तुमची नाही, कार्डाची आहे. यंत्र जुनं आहे, त्याला मोठं, म्हणजे जास्त साठ्याचं कार्ड वाचता येत नाही. लहानातलं लहान कार्ड शोधा. आणि घाबरू नका, ते मेलेलं नाही. या पडद्यावर वीज नसतानाही शेवटचं चित्र तसंच राहतं. बटण जास्त वेळ धरा.

घाबरू नका, हे त्या अनोळखी माणसाने मला लिहायची काहीच गरज नव्हती. मी ते दोनदा वाचलं.

पण इतकं लहान कार्ड आता कुठल्या दुकानात मिळत नाही. हंसाबेन आमच्याच मजल्यावर राहते आणि अमरोलीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते. मी तिला सगळं सांगितलं. तिने जुन्या फोनांच्या सांगाड्यांनी भरलेला खण टेबलावर उपडा केला आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक फोन उघडत गेली. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तर त्याला म्हणाली, "बेसो भाई, आ पहेलां." शेवटी एका चपट्या, बटणांच्या फोनमधून तिने नखाएवढं कार्ड काढलं, पदराला पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"जूनुं छे, नानुं छे," म्हणाली, "पण साचुं छे." जुनं, लहान, पण अस्सल.

त्या कार्डावर सिस्टीम सुरू झाली. आधी बारीक ओळी वरून खाली धावत गेल्या, मग पडदा कोरा झाला, आणि एक साधी यादी दिसली. मी देवनागरीचा एक जाड टाइप त्यात घातला, माप वाढवत वाढवत नेलं. इतकं, की पडद्यावर जेमतेम चार ओळी मावायला लागल्या. मग एक नवी फाइल केली आणि तिच्यात पहिलं जे सुचलं ते टाइप केलं. नानांच्या मांडीवर यंत्र ठेवलं.

नानांनी ते उचललं, नाकापासून वीतभर अंतरावर धरलं, उजेडाकडे वळवलं. ओठ हलायला लागले.

नाना, चहा झाला आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "चा शे का?" म्हणाले. "मंग लई ये ना."

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. चहा झालेलाच नव्हता. तो मी मग टाकला.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना पेपरातल्या बातम्या घालून देत होते. रोज सकाळी कार्ड काढायचं, लॅपटॉपला लावायचं, नवा मजकूर ठेवायचा, परत खोचायचं. पाचव्या की सहाव्या दिवशी नाना म्हणाले, "हाई तं सर्वासले माहीत शे. घरमा काय चालनं ते लिख ना."

घरात काय चाललंय! मी भुसावळची, रेल्वे कॉलनीत वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला अहिराणी कळत नव्हती, आणि सासऱ्यांशी सुनेने बोलायचं तरी काय? जेवता का, औषध घेतलं का, कोण आलंय. वीस-बावीस वर्षांत आमची सगळी बोलणी जमवली तर पानभर होणार नाहीत. आता ते मला म्हणत होते, लिही.

मग मी लिहायला लागले. आज पाणी उशिरा आलं आणि खालच्या मजल्यावर भांडण झालं. आज एका शेठाने मोराचं डिझाइन तिसऱ्यांदा परत पाठवलं, त्याला मोराची मान आणखी वाकलेली हवी आहे. हंसाबेनच्या दुकानात एक म्हातारी आली होती, तिच्या फोनमध्ये नातवाचा आवाज साठवलेला होता आणि तो निघत नव्हता. आज तुमचा मुलगा पाळीवरून आला तेव्हा त्याच्या हातांना निळा रंग होता. त्याने सांगितलं, आजची सगळी लॉट निळीच होती. असं काहीबाही. सुरुवातीला चार वाक्यं, मग अर्धं पान, मग दीड पान. कामाच्या मध्येच मला वाटायचं, हे नानांना लिहायला पाहिजे. बाजारात भाजी घेताना वाटायचं. पूर्वी दिवस नुसता सरायचा. आता तो बघावा लागत होता.

आणि नाना वाचक होते, नुसते वाचणारे नव्हेत. मी एकदा मागावर लिहिलं, आणि आडव्या-उभ्या धाग्यांची नावं उलटी घातली. त्यांनी मला हाक मारून बोलावलं, आपल्या उपरण्याची किनार उलगडली आणि ताणा कोणता, बाणा कोणता ते बोटाने दाखवलं. "हाऊ उभा तो ताणा. ध्यानमा ठेव." दुसऱ्यांदा मी एका शेजारणीबद्दल जरा तिखट लिहिलं. संध्याकाळी नानांनी विचारलं, "तिना मालक घर ऱ्हास का आते?" त्या बाईचा नवरा घरी असतो की नाही, याचा मी विचारच केला नव्हता. ते पान मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं.

माझं आज जे काही थोडंफार छापून येतं, त्याची सुरुवात त्या चार ओळींच्या पडद्यावर झाली. त्याचं श्रेय कुणाकुणाला द्यावं? कुठल्याशा देशातल्या कुणी तरी आपल्या रिकाम्या वेळात ती सिस्टीम लिहिली आणि वाटून टाकली. आणखी कुणी तरी बसून देवनागरीची जोडाक्षरं सांधली. त्याला मराठी येत असेल की नसेल, कोण जाणे. मांजराच्या फोटोवाल्याने मला धीर दिला. हंसाबेनने गिऱ्हाइकाला बसवून ठेवलं. यांतल्या कुणाला नाना माहीत नव्हते, हंसाबेन सोडली तर. मी त्या चर्चेच्या पानावर नानांच्या हातातल्या ई-रीडरचा फोटो टाकला आणि आभार मानले. मांजरवाल्याने विचारलं, यावर काय लिहिलंय? मी भाषांतर करून कळवलं: आज वांगी चांगली मिळाली. तो म्हणाला, उत्तम बातमी आहे.

मग उत्तरायण आली, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत.

त्या दिवशी अख्खं सुरत गच्चीवर असतं. आमच्या इमारतीतही खाली कुणी उरलं नव्हतं. वरून "काप्यो छे"च्या आरोळ्या, भोंगे, गाणी. घरात नाना, ज्यांना यातलं काही ऐकू येत नव्हतं, आणि मी. उंधियूच्या भाजीचं भांडं झाकून ठेवलं होतं. मी रोजचं पान लिहायला बसले, आणि पतंगांबद्दल लिहिता लिहिता माझा हात दुसरीकडेच गेला.

लग्नाच्या पहिल्या वर्षी, अशाच दिवसांत, अमरोलीच्या एका एम्ब्रॉयडरीच्या खात्यात मला पंचिंगचं काम मिळालं होतं. भुसावळला मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. इथे तेव्हा ती मशीनं नवी नवी येत होती. सोमवारपासून जायचं ठरलं. मी साडी इस्त्री करून ठेवली. रविवारी संध्याकाळी नाना घरी आले, त्यांना कळलं, आणि ते सासूबाईंना एवढंच म्हणाले, "वऊले कामले धाडानं नई." विषय संपला. मला कुणी काही विचारलं नाही. चार वर्षांनी सासूबाईंनीच हट्ट धरून घरात कॉम्प्युटर आणवला, तेव्हा कुठे मी कामाला लागले. त्या चार वर्षांबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही. नवऱ्याशीही नाही.

ते सगळं मी लिहिलं. इस्त्री केलेली साडी लिहिली. सोमवारी सकाळी मी ती परत घडी करून पेटीत ठेवली, तेही लिहिलं. मी रागावले होते असं लिहिलं, आणि खोडलं नाही. शेवटी लिहिलं, नाना, हे घरात चाललेलं आहे, बावीस वर्षांपासून.

कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ बसले. एवढ्या मोठ्या अक्षरांत कुणाला दोष देणं सोपं नसतं. ज्याला आपण वाचायला डोळे दिले, त्याला पहिल्याच हिवाळ्यात हे वाचायला लावायचं? पण दुसरं काही लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि नानांना खोटं पान लगेच कळायचं. मी कार्ड खोचलं आणि गच्चीवर निघून गेले.

संध्याकाळी मी खाली आले तेव्हा नाना तेच पान वाचत होते. दुसऱ्या दिवशीही तेच. ई-रीडर मांडीवर होता. त्यांचं बोट कधी पान पुढे नेई, कधी मागे. जेवण अर्धं टाकलं. ह्यांनी विचारलं, "नानांना बरं नाही का?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या दोन दिवसांत मला शंभरदा वाटलं, की कार्ड काढून घ्यावं.

तिसऱ्या दिवशी सुटी संपली. विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते, इमारत गप्प होती. मी कामाला बसले होते, एका पदराच्या कोयऱ्या करत. नाना उठले. भिंतीला धरत धरत माझ्या टेबलापाशी आले. इतक्या वर्षांत ते तिथे कधी आले नव्हते. स्टूल ओढलं, बसले. पडद्यावरची कोयरी डोळा बारीक करून पाहिली. एक बोट तिच्या कडेवरून फिरवलं.

मग ते बोलले. नानांना आपण हळू बोलतोय असं वाटतं, तेव्हाही ते जिन्यापर्यंत ऐकू जातं. आणि त्या सकाळी ते हळू बोलत नव्हते.

"ज्योती! तू खरं लिखेल शे! तुले नोकरीले मी जाऊ दिधं नई! तठे मनं चुकनं!"

समोरचं दार उघडलं. वरच्या मजल्यावर कुणाची तरी भांडी थांबली. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, घटकाभर तसाच राहू दिला, आणि आले तसे भिंतीला धरत परत गेले.

मी डोळे पुसत दारात आले, तो हंसाबेन घाबरीघुबरी उभी. कणकेचे हात तसेच.

"शुं थयुं, ज्योतीबेन?"

मी आत वळून पाहिलं. नानांनी ई-रीडर पुन्हा उचलला होता आणि त्यांचे ओठ हलत होते.

"कंई नथी," मी म्हटलं. "नाना वांचे छे."